परक्याचा खडा

“भारतात एकूण किती खर्च केला, ते विचार,” कर्णिक माझ्या कानाशी लागून म्हणाला. “इथे किती केला ते नको. इथे कोण कशाला खर्च करतंय?”

समोर एक डच जोडपं उभं होतं. दोघांच्या डोक्यावर सारख्या टोप्या, दोघांच्या नाकाला सारखंच पांढरं मलम. मी प्रश्न विचारला. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने बोटांवर मोजलं. राजस्थानातले उंट, केरळातली होडी, आग्र्याचं हॉटेल, विमानाची तिकिटं, सगळं धरून साडेचार लाख. मी पिवळ्या फॉर्मवर ‘बोरदरी लेणी’ या नावाखाली साडेचार लाख लिहिले. त्या माणसाने बोरदरीत तोवर पाण्याची एक बाटली घेतली होती, तीही किंमत ऐकून दोनदा परत ठेवल्यावर.

“गुड,” कर्णिक म्हणाला. “डेटा बोलायला लागलाय.”

फॉर्मवर सही करून जोडपं वळलं, तोच पार्किंगच्या कडेने पार्बताबाई पुढे आली. साठीची बाई, कमरेवर वेताची टोपली. तिने टोपलीतून बोराएवढा पांढरा चकचकीत खडा काढला आणि डच बाईचा हात धरून तळहातावर ठेवला.

“गिफ्ट, मॅडम. नो मनी. रिमेंबर मी. शॉप फोर. लुकिंग फ्री.”

“ओ, थँक यू!” डच बाई म्हणाली. ते ‘थँक यू’ मी त्या तीन महिन्यांत हजारदा ऐकलं असेल. फुकट काहीतरी मिळालं, त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही, आणि चटकन सुटका व्हावी, या तिन्ही गोष्टी त्या दोन शब्दांत असायच्या. मला त्याचं भारी हसू यायचं.

बोरदरी अजिंठ्याच्याच रांगेत आहे, पण अजिंठा नव्हे. अजिंठा बघून अर्धा दिवस उरला की सहलीवाले बस भरून आमच्याकडे आणायचे. नऊ लेणी, त्यातली चार बंद, उरलेल्या पाचांत वटवाघळं. गोरे लोक माना वर करून बघायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि दीड तासाने खाली यायचे. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी गारगोट्या विकणाऱ्यांची बावीस दुकानं होती. दुकानं म्हणजे चार मेढी आणि वर पत्रा. त्या भागात विहीर खोदताना काळ्या खडकात कुठेकुठे पोकळी लागते, आणि तिच्यात पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक दाटून बसलेले असतात. तेच फोडून, धुऊन हे लोक विकायचे. पार्बताबाईचा नवरा विहिरी खोदायचा. तीस वर्षांपूर्वी पायऱ्यांपाशी पहिली मेढ त्यानेच रोवली होती.

तुषार कर्णिक हा मुंबईच्या एका सल्लागार कंपनीचा माणूस. विदेशी पर्यटक किती येतात, किती खर्च करतात आणि दरवर्षी त्यात काय चढउतार होतो, याचा अहवाल सरकारने त्याच्या कंपनीकडे सोपवला होता. मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि अधूनमधून शेळ्या जिवंत आहेत का ते बघायला गाडी करून यायचं, अशी त्याची कामाची रीत होती. शेळ्या राखायला मी होतो. विश्वंभर कुलथे, राहणार जालना, संख्याशास्त्रात एम.एस्सी., वय सव्वीस, दोन वर्षं घरी बसून वडिलांच्या सोनारकामाच्या दुकानात माशा मारलेला. मी त्या सगळ्यांनाच तुच्छ मानायचो. कर्णिकला, कारण त्याला सरासरी आणि मध्यक यांतला फरक कळत नव्हता. गोऱ्यांना, कारण ते उंटाला हजार रुपये देऊन गारगोटीवर वीस रुपयांची घासाघीस करायचे. आणि दुकानदारांना, कारण ते त्या घासाघिशीवर जगायचे. मी स्वतः दिवसाला तीनशे रुपयांवर जगत होतो, हे त्या हिशेबात मी धरत नसे.

मोजणीच्या तीन जागा होत्या. पार्किंगमध्ये मी पिवळे फॉर्म भरून घ्यायचो, तिकीटखिडकीशी एकजण हिरवे, आणि उतरायच्या पायऱ्यांशी तिसरा गुलाबी. प्रश्न तिन्हीकडे तेच. कुणी कुरकुरलं की सांगायचं, हा वेगळा फॉर्म आहे. तिसऱ्या फॉर्मपर्यंत माणसं इतकी कंटाळलेली असायची की खर्चाच्या रकान्यात वाटेल तो आकडा टाकून पळायची. एका जपानी म्हाताऱ्याने पिवळ्यावर दोन लाख लिहिले, हिरव्यावर तीन आणि गुलाबीवर पाच. दीड तासात त्याने बोरदरीत तीन लाख जास्तीचे उडवले होते, आणि बिचाऱ्याच्या हातात एक खडा होता.

तो खडा ही तिथली रीत होती. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला दुकानदारांपैकी कुणीतरी एक खडा फुकट द्यायचा आणि आपल्या दुकानाचा नंबर सांगायचा. ज्याने खडा दिला, गिऱ्हाईक त्याचं. परत येताना बाकीचे त्याला हाकसुद्धा मारायचे नाहीत. पूर्वी यावरून डोकी फुटली होती, एकाच माणसाला तिघांनी खडे दिले म्हणून. तेव्हापासून खडे कुणी स्वतःचे आणायचे नाहीत, असं ठरलं. सगळे एकाच टोपलीतून घ्यायचे, आणि ती टोपली पार्बताबाईच्या कमरेवर. ती रिकामी झाली की पार्बताबाई शंभर खडे मोजून पुन्हा भरायची आणि दुकानाच्या मेढीवर कोळशाची एक रेघ ओढायची. महिना संपला की रेघा पुसायच्या.

“मला पण एक दे ना मावशी,” मी एकदा गमतीने हात पुढे केला होता.

तिने माझ्या हातावर चापट मारली. “खडा परक्याला देत्यात. आठवण राहावी म्हणून. तुला कायला लागते आठवण? तू घरचा.”

घरचा मी खरोखरच झालो होतो. दुपारी तिच्या दुकानाच्या मागे बसून जेवायचो. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. पहिल्या आठवड्यात पैसे देऊ केले तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेजारच्या दुकानातला सिकंदर तडवी सहा भाषांत ‘स्वस्त आहे’ म्हणायचा, तो म्हणाला, “साहेब, मावशीला पैसे दाखवू नका. त्यापेक्षा शिवी द्या, ती चालंल.”

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि जानेवारी संपताना माझ्याकडून एक मूर्खपणा झाला. मी बेरीज केली.

माझ्या तीन रंगांच्या गठ्ठ्यांत जानेवारीचे विदेशी पर्यटक निघाले तीन हजार पाचशे साठ. मागच्या पाच वर्षांचे जानेवारीचे आकडे कर्णिकने दिले होते. तेराशेच्या आसपास, दरवर्षी थोडे घसरत आलेले. म्हणजे यंदा एकदम पावणेतीनपट. मी भाकरी खात होतो आणि माझी नजर समोरच्या मेढीवर गेली. कोळशाच्या बारा रेघा. टोपलीत तळाला दोन खडे.

“मावशी, या महिन्यात किती गोरे आले?”

“बारा टोपल्या. त्यात दोन उणे.” तिने भाकरी थापता थापता सांगितलं. “गेल्या साली तेरा झाल्ते. औंदा कमी हायेत.”

अकराशे अठ्ठ्याण्णव. मी ताटावरून तसाच उठून तिकीटखिडकीवर गेलो आणि तिथल्या कारकुनाकडून परदेशी तिकिटांचा आकडा काढला. मागच्या पाच वर्षांचे आकडेही याच खिडकीचे होते. जानेवारीत अकराशे एक्क्याण्णव तिकिटं गेली होती. सातचा फरक कुठून आला, यावर मी तासभर डोकं खाजवलं. शेवटी तिनेच सांगितलं. बारकी पोरं फुकट आत जातात, त्यांना तिकीट नसतं. पण पार्बताबाई त्यांनाही खडा देते.

माझ्या एम.एस्सी.ची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. ज्या बाईला शंभराच्या पुढे मोजायला रेघ ओढावी लागते, तिचा आकडा सरकारी तिकिटांशी सात पोरांइतकाही चुकत नव्हता. आणि आमच्या कंपनीने तीन रंगांचे कागद छापून एकेका माणसाची तीन माणसं केली होती. तरी मी माझी खात्री करून घेतली. दोन दिवस पार्किंगमध्ये उभा राहून पाहिलं, खडा न घेता कुणी जातं का. कुणीच नाही. एक फ्रेंच म्हातारा हात झटकून पुढे गेला, वीस पावलांवर थांबला आणि परत येऊन खडा मागून घेऊन गेला.

हे मी कुणाला बोललो नसतो, तर गोष्ट इथेच संपली असती. पण सोमवारी सभा होती.

सरकारने बोरदरी फाट्यावर ‘पर्यटक सुविधा केंद्र’ मंजूर केलं होतं, लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे. तिथे पार्किंग, तिथे शटरची बावीस पक्की दुकानं, तिथून पुढे सरकारी बसने पर्यटकांना वर नेणार आणि परत आणणार. पायऱ्यांपाशी मग एकही दुकान राहणार नाही. दुकानदारांनी कोर्टातून स्थगिती आणली होती. त्यांनी स्वखुशीने संमती लिहून दिली तरच त्यांना हलवता येणार होतं. सभेत ती संमती घ्यायची होती. आणि बाकीच्या एकवीसही जणांचं एकच म्हणणं होतं, पार्बतामावशी सही करेल तर आम्ही करू.

रविवारी दुपारी ती माझ्यापुढे ताट ठेवून बसली.

“लेकरा, एक विचारू? त्या तुह्या साहेबानं तहसीलदाराला सांगितलं म्हणे, मानसं तिप्पट झाली. अजून वाढनार. म्हनून इथं मावत नाहीत, म्हनून फाट्यावर जागा.”

“हो, तसं म्हणतात.”

“माह्या टोपलीत तर वाढ दिसत नाही.”

मी ठेच्यात बोट फिरवत राहिलो.

“मी अडानी. माही टोपली चुकत आसंल. तुह्या कागदात जर खरंच तिप्पट आसतील, तर मंग जावं. तिप्पट मानसात फाट्यावर बी धंदा व्हईन. पन जर तेवढीच आसतील, तर तिथं बसमदी बसून सुईकन वर जातील आन सुईकन खाली येतील. खडा कोनाच्या हातात देऊ? इथं ते पायानं चालत येतात म्हनून आमच्या पुढून जातात. कळतंय का?”

“कळतंय.”

“मंग उद्या मी सभेत तुलाच विचारीन. तू दोन्ही पाह्यलंय. तू सांगशीन तसं करू.”

मला सगळं कळत होतं. हातच्या काकणाला आरसा लागत नव्हता. संध्याकाळी मी रेस्ट हाऊसवर गेलो. कर्णिक व्हरांड्यात संत्रं सोलत बसला होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

“सर, आपण एका माणसाला तीनदा मोजतोय. मागचे आकडे खिडकीचे आहेत, एकदाच मोजलेले. म्हणून वाढ दिसते. माणसं तेवढीच आहेत, उलट थोडी कमीच. आणि खर्च तर त्यांच्या अख्ख्या दौऱ्याचा आहे. त्यातले इथे शंभर रुपयेही पडत नाहीत.”

“मग?”

“मग अहवाल चूक आहे.”

त्याने एक फोड तोंडात टाकली. बी बाजूला थुंकली. “कुलथे, तू हुशार आहेस. पण जरा उशिरा हुशार झालास. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. तीन रंग मी उगाच नाही छापले.”

“पण सरकारला कळलं तर?”

“कुणाला? केंद्र आधी मंजूर झालंय बाळा. कंत्राट गेलंय. अहवाल नंतर मागवलाय. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसवलेले भटजी आहोत आपण. न जुळवून काय करणार?”

“आणि ते दुकानदार?”

“त्यांना शटर मिळतंय, फरशी मिळतेय, नळ मिळतोय. पत्र्याखालून पक्क्यात चाललेत. आणखी काय पाहिजे?” त्याने संत्र्याची अर्धी फाक माझ्यापुढे धरली. “पुण्याच्या ऑफिसात एक जागा आहे. कायमची. मराठीत लोकांना आकडे समजावून सांगेल असा माणूस हवाय. उद्या सभेत तूच आलेख समजावून सांग. नीट सांगितलंस तर पुढच्या सोमवारी पुण्याला ये.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं पोट, त्याचं घड्याळ घातलेलं मनगट, बियांनी भरलेली बशी. इतका क्षुद्र माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी संत्रं घेतलं. खोलीवर येऊन सदरा धुतला, आणि सकाळी लवकर उठून त्याला इस्त्री करून आणली.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडव, तहसीलदार, सतरंजीवर बावीस दुकानदार आणि त्यांची बायकापोरं. पार्बताबाई पुढच्या रांगेत, मांडीवर टोपली. कर्णिकने मला पुढे बोलावलं. पांढऱ्या पडद्यावर आलेख आला. पाच वर्षं जमिनीला चिकटून सरपटणारी रेघ सहाव्या वर्षी एकदम आभाळात गेलेली. ती रेघ मीच काढली होती. चांगली काढली होती.

मी समजावून सांगितलं. विदेशी पर्यटकांत पावणेतीनपट वाढ. दर पर्यटकी सरासरी खर्च दोन लाख ऐंशी हजार. पुढच्या पाच वर्षांत दुप्पट होण्याचा अंदाज. लोकांनी तोंडात बोटं घातली. सिकंदर हळूच म्हणाला, “दोन लाख ऐंशी? आन माह्याकडं आल्यावर खिसा फाटतो का त्यांचा?” हशा झाला. तहसीलदारही हसले.

मग पार्बताबाई उठली. हशा थांबला.

“साहेब, मी अडानी बाई हाये,” ती तहसीलदारांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ही माही टोपली. हिच्यातून जानेवारीत बाराशे बी खडे गेले नाहीत. तुह्या कागदात तीन हजार कसे? तू माह्याजवळ बसला, तू दोन्ही मोजलं. कोनतं खरं?”

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. कर्णिक बघत नव्हता. तो मोबाइलवर काहीतरी लिहीत होता, आणि त्याच्या त्या न बघण्यातच पुण्याचं ऑफिस होतं. एक वाक्य पुरे होतं. ‘मावशी, टोपली खरी.’ ‘टोपली खरी’ याला पाचच अक्षरं लागतात.

“दोन्ही खरं आहे मावशी,” मी म्हणालो. “तुमच्या टोपलीत फक्त खडा घेणारे येतात. खडा न घेता जाणारे किती असतील!”

“न घेता जानारे?” तिने कपाळाला आठ्या घातल्या. “न घेता कोनी जात नाही रे.”

“जातात. मी दोन दिवस उभं राहून मोजलेत.”

ते खरं होतं. मी दोन दिवस उभं राहून मोजलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच खोटं मी अशा तऱ्हेने खरं बोलूनच सांगितलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शोधत होती असं नाही. ती माझी इस्त्री बघत होती असं मला वाटलं. मग ती सतरंजीकडे वळून म्हणाली, “लेकरू म्हनतं मोजलेत, तर मोजलेत. आपन आपल्याच दारापुढचं पाह्यतो. त्यानं सगळं पाह्यलंय.”

साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती, त्याचा तिला फार अभिमान. तहसीलदारांनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली, ती तिने बाजूला सारली आणि पेन मागून घेतलं. टोपली खाली ठेवून, ओठ घट्ट मिटून तिने एकेक अक्षर काढलं. पार्बताबाई नामदेव सपकाळ. सिकंदरने मग त्याखाली सही केली, आणि त्याखाली बाकीच्यांनी. कर्णिकने पहिली टाळी वाजवली.

पुढच्या सोमवारी मी पुण्याला गेलो. त्याला आता चौदा वर्षं झाली. आज असे अहवाल माझ्या सहीने निघतात. पर्यटकांचे आकडे वाढतात, खर्चाचे आकडे त्यांच्यापुढे धावतात, आणि सभेला कुणीतरी इस्त्रीचा सदरा घालून आलेख समजावतो. त्याला मी स्वतः निवडतो. मुलाखतीत मी फक्त एवढंच बघतो की त्याला चूक सापडते का, आणि सापडल्यावर तो काय करतो. जो बोलतो त्याला घेत नाही.

पण बोरदरीला मी त्यानंतर एकदाच गेलो, सभेनंतर दीड वर्षाने. केंद्र सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि त्याचा काय परिणाम झाला याचा अहवाल द्यायचा होता. तोही आमच्याच कंपनीकडे होता. कर्णिक आणि मी गाडीने आलो. ऊन होतं म्हणून मी टोपी घातली होती, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पाण्याची बाटली.

केंद्र म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं. समोर कारंजं, त्यात पाणी नाही. बावीस शटरपैकी सतरा बंद, काहींना गंज चढलेला. एक सहलीची बस आली. पंचवीस गोरे उतरले आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या सरकारी बसमध्ये चढले. दहा पावलांत कुणी कुणाला काय देणार? दीड तासाने बस त्यांना घेऊन आली ती थेट मागच्या उपाहारगृहाच्या दारात, आणि तिथून ते आपल्या गाडीत बसले. दुकानांची तोंडं दुसऱ्या बाजूला होती. नकाशा काढणाऱ्याला ती बाजू जास्त शोभिवंत वाटली असावी.

ती सरकारी बस सिकंदर चालवत होता. मला बघून खाली उतरला, पण हात मिळवायला पुढे आला नाही.

“तुझं दुकान?” मी विचारलं.

“मुलगा सुरतला गेला. मी हे धरलं. पगार येतो.” त्याने चाकाला लाथ मारून हवा बघितली. “सहा भाषा यायच्या साहेब मला. आता एकच वाक्य लागतं. मागं सरका.”

“मावशी?”

“चौदा नंबर.” त्याने हनुवटीने दाखवलं. “तुम्हाला काही म्हणत नाही ती. आम्ही म्हणतो, ती म्हणू देत नाही. म्हणती, लेकराला बी कुणीतरी चुकीचं मोजून दिलं आसंल.”

हे ऐकून मला बरं वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याची मला आज किळस येते. मला वाटलं, तिने मला सोडवलं. मी चौदा नंबरकडे निघालो. काय बोलायचं तेही ठरवत होतो. दिशाभूल झाली मावशी, माझीही झाली.

ती शटरच्या आत एकटी बसली होती. दुकानात गारगोट्या मांडलेल्या, त्यांच्यावर धुळीचा थर. मागच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. इथे ती महिन्याला पुसत नव्हती, पुसायची गरजच नव्हती. आठ महिन्यांच्या मिळून चार रेघा.

मी त्या मोजल्या, आणि मी मोजतोय हे तिने पाहिलं.

ती कमरेवर हात ठेवून हळू उठली. मी चष्मा काढला. तिने मला ओळखलं, यात शंका नाही. क्षणभर तिच्या तोंडावर दुपारी ताट वाढतानाचं तेच ‘बस, जेव’ येऊ लागलं, मला ते दिसलं. मग तिची नजर माझ्या टोपीवर गेली, बाटलीवर गेली, मागे गाडीशी उभ्या असलेल्या कर्णिकवर गेली, आणि भिंतीवरच्या रेघांवरून फिरून परत माझ्यावर आली.

“मावशी,” मी म्हणालो, “माझीही—”

तिने टोपलीत हात घातला. टोपली काठोकाठ भरलेली होती. बोराएवढा एक पांढरा खडा निवडून तिने माझा हात पुढे ओढला आणि तळव्यावर ठेवला. बोटं मिटून दिली. प्रत्येकाची द्यायची तशीच.

“गिफ्ट, सर,” ती म्हणाली. “नो मनी. रिमेंबर मी. शॉप फोर्टीन. लुकिंग फ्री.”

मला तिथून चटकन सुटायचं होतं. हातात फुकट मिळालेलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

“थँक यू,” मी म्हणालो.